सोयाबीनमध्ये तूर, तुरीत पोलीस भरती

किल्लारी पाटीवर एक दुकान आहे. शटर आठ फुटांचं आणि वरचा बोर्ड बारा फुटांचा. जास्तीचे चार फूट शेजारच्या पंक्चरवाल्याच्या हद्दीत गेलेत आणि त्यावरून दोघांची दर पोळ्याला बोलाचाली होते. बोर्ड लहान करायला इलाज नाही, कारण त्यावर मावायचं बरंच आहे: सातबारा, पीकविमा, झेरॉक्स, पॅन कार्ड, रेल्वे तिकीट, भरतीचे फॉर्म, एलआयसी, उसाची रोपं, प्लॉट घेणे-देणे, आणि अगदी तळाला लाल अक्षरांत डीजे बुकिंग. मोबाईल नंबर चार, त्यांतले दोन बंद. मालक तिशी ओलांडलेला, बी.ए., डी.एड. कुणी परक्या गावचा माणूस त्याला विचारतो, "आपण काय करता?" तेव्हा तो आधी एकदा वर बोर्डाकडं बघून घेतो. नवीन काही लागलंय का, याची खात्री करून मग उत्तर देतो.

पुण्याच्या एखाद्या करिअर मार्गदर्शकानं हा बोर्ड बघितला तर त्याला घेरी येईल. त्याच्या व्याख्यानात पहिल्या पाच मिनिटांत 'एकच ध्येय' येतं, दहाव्या मिनिटाला अर्जुन आणि पोपटाचा डोळा येतो. आमच्याकडच्या पोरांनी हे व्याख्यान ऐकलेलं आहे, टाळ्याही वाजवलेल्या आहेत. पण अर्जुनाला पोपटाच्या डोळ्यावर पोट भरायचं नव्हतं, हस्तिनापुरात घरची सोय होती, हे त्यांच्या ध्यानात आलंय. आमच्या रानात सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी असतात. पाऊस वेळेवर आला तर सोयाबीन, लांबला तर तूर, दोन्ही गेलं तर विमा, आणि विमाही नाही आला तर त्यावर मोर्चा. माणसं पोटापाण्याचं गणित याच हिशेबानं मांडतात. एक काम काळीत पेरायचं, दुसरं बांधावर लावायचं, तिसऱ्याचा फॉर्म भरून ठेवायचा.

चार्ल्स हँडी नावाच्या आयरिश व्यवस्थापनतज्ज्ञानं १९८९ साली एक पुस्तक लिहून सांगितलं होतं, की इथून पुढं माणूस जन्मभर एका नोकरीत राहणार नाही, तो चार-पाच कामांचा एक 'पोर्टफोलिओ' सांभाळेल. साहेबाला दूरदृष्टी होती म्हणतात. असेलही. आमच्याकडं याच प्रकाराला आधीपासून 'पोरगं कुठंच टिकंना' असं म्हणत.

आता किल्लारीच का, हा प्रश्न महाराष्ट्रात कुणाला पडू नये. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं उशिरा झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते विनोदी लेखात लिहायचं नसतं आणि मी लिहीतही नाही. दगडामातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, आणि लातूर-उस्मानाबादकडची जवळजवळ दहा हजार माणसं. एवढं लिहून पुढं जातो. पुढं जाण्याशिवाय इथल्या लोकांनाही दुसरं काही करता आलं नव्हतं.

मात्र त्याआधी इथली जमीन ही सगळ्यात पक्की नोकरी करत होती, हे सांगायला हवं. भूकंपशास्त्राच्या नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. दख्खनचा काळा पाषाण, कोट्यवधी वर्षांचा, हलायचं कारणच नाही. मग तो हलला आणि २००२ च्या नव्या नकाशात आम्ही झोन तीनमध्ये गेलो. तालुक्यात कुणाला एकदम दोन पायऱ्यांची बढती मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. शास्त्रज्ञ आले, हैदराबादच्या संस्थेनं सहाशे मीटरच्या वर खोल भोक पाडून खडकाचे नमुने नेले. त्या नमुन्यांवर किती जण डॉक्टर झाले असतील देवाला माहीत. गावातला एक म्हातारा ती यंत्रं बघून म्हणाला होता, "पाणी लागलं का?" नाही म्हटल्यावर त्याचा त्यातला रस संपला. बोअर म्हणजे पाण्यासाठी, एवढा एकच उद्योग त्याला पटत होता.

भूकंपाआधी किल्लारीत करिअरचे तीनच रस्ते होते. जमीन असेल तर शेती, नसेल तर दुसऱ्याच्या शेतात सालगडी, आणि डोकं असेल तर मास्तर. चौथा रस्ता पुण्या-मुंबईचा, पण त्याला करिअर म्हणत नसत, 'निघून गेला' म्हणत. आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटाला अख्खं जग गावात आलं. जागतिक बँक आली, देणगीदार आले, परदेशी माणसं आली, बावन्न गावं नव्या जागी बांधायची ठरली. जी माणसं कालपर्यंत आडतीवर पट्टी करून घेताना आडत्यापुढं उभी राहत होती, ती सिमेंटच्या गोण्या मोजायला लागली. वाळूचा ट्रॅक्टर लावला तो गुत्तेदार झाला. ज्याच्याकडं जीप होती तो पाहुण्यांना गावं फिरवून दाखवू लागला आणि दोन-चार इंग्रजी शब्दांवर दुभाषी झाला. एका दुभाष्यानं गोऱ्या बाईला 'पुनर्वसन' समजावताना हातानं घर पाडून दाखवलं आणि पुन्हा बांधून दाखवलं. बाईला कळलं. त्या अर्थानं ते बरंच नेमकं भाषांतर होतं.

गवंड्यांचं तर नशीबच फिरलं. मातीचा गिलावा करणारा माणूस लिंटेल बँड, कोपऱ्यातल्या सळया, आरपार जाणारा दगड असं बोलू लागला. पुढच्या वीस वर्षांत सोलापूर, पुणे, हैदराबादच्या साइटवर आमच्या भागातले मिस्त्री दिसत राहिले. विचारलं तर सांगत, "आम्ही किल्लारीचे, आमाला शिकवू नका."

बायकांचं झालं ते आणखी मजेदार. घरांच्या दुरुस्तीच्या कामासाठी सरकारनं आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून गावोगावी 'संवाद साहाय्यक' नेमल्या, सगळ्या बाया. काम काय, तर घरमालकांना भेटायचं, पक्क्या बांधकामाचं महत्त्व सांगायचं, इंजिनिअर आला नाही तर त्याला आणायचं. डोक्यावरचा पदर सावरत पाटलाच्या ओसरीवर उभं राहून "तुमचं भिंतीचं काम चुकलंय" असं सांगणारी बाई गावानं पहिल्यांदा बघितली. पाटील तिला काही बोलले नाहीत. ते तिच्या सासऱ्याला बोलले. सासरा म्हणाला, "मानधन येतंय." तिथं वाद मिटला. त्यातूनच पुढं बचत गट निघाले, गटांतून कर्ज निघालं, आणि कर्जातून शेळ्या, शिलाई मशीन, पिठाची गिरणी. ह्या बायांना कुणी करिअरिस्ट म्हणालं नाही, एका अर्थी ते बरंच झालं. म्हणाले असते तर सासऱ्यानं विचारलं असतं, म्हणजे काय, आणि बंद केलं असतं.

नवीन घरं तीन मापांची होती: अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फूट. ज्याची जमीन जास्त त्याला घर मोठं. म्हणजे १९९३ साली कोण किती पाण्यात होतं, हे गावाच्या आखणीतच लिहून ठेवलंय. गंमत अशी की पैसा त्या आखणीत राहिला नाही. साडेसातशेवाल्या घरातला एक नातू आज अडीचशेवाल्या घरातल्या पोराच्या जेसीबीवर हेल्पर आहे. दोघांची दोस्ती चांगली आहे. फक्त लग्नपत्रिकेत नावं टाकताना कुणाचं वर, कुणाचं खाली, यावर एक बैठक होते.

आणि मग ते प्रमाणपत्र. सरकारी नोकरीत गट क आणि गट ड मध्ये भूकंपग्रस्तांना दोन टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे ज्या आपत्तीनं आजोबांचं घर घेतलं, ती नातवाच्या फायलीत प्लास्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेली असते. हे प्रमाणपत्र कुणाच्या नावावर करायचं, ह्या बैठका मी ऐकलेल्या आहेत. तीन पोरं असली की एकाचा अभ्यास चांगला, दुसऱ्याची उंची चांगली, आणि तिसरा आईचा लाडका. अभ्यासवाला म्हणतो, मी गुणांवर लागेन, पण असावं. उंचीवाला म्हणतो, पोलिसात एकेक मार्क मोलाचा आहे. लाडका काहीच म्हणत नाही, तो चहा आणायला जातो आणि आई म्हणते, "त्याला काय येतंय दुसरं?" बाप तेवढ्यात आठवण करून देतो, की भूकंप मी बघितलाय, तुम्ही कुणी जन्मलाही नव्हताव. पण बापाचं वय उलटून गेलेलं असतं, सरकारला भूकंप बघितलेला माणूस नको असतो, तरुण लागतो. दुसरीकडच्या, जमीन तसूभरही न हललेल्या गावांतल्या हुशार मंडळींनी बनावट भूकंपग्रस्त प्रमाणपत्रं काढून नोकऱ्या लाटल्याची प्रकरणंही पुढं उघड झाली. आमच्या दुःखाला बाजारात एवढा भाव आहे हे आम्हाला तेव्हा कळलं.

२००० साली सरकारनं शिक्षणसेवक योजना आणली: तीन वर्षं मानधनावर काम, मग कायम. तिथून मराठवाड्यात डी.एड.ची अशी काही लाट आली की गावात पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा अध्यापक विद्यालय निघालं. ज्याच्याकडं पाच एकर आणि एक ओळखीचा आमदार, त्याच्याकडं कॉलेज. मुलगी डी.एड. असेल तर स्थळं घर शोधत यायची. हुंड्यातून डी.एड.ची फी वजा करण्यापर्यंत हिशेब गेले होते. नंतर भरती आटली, २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी झाली, निकाल बघून अर्ध्या महाराष्ट्राला आपण शिकवायला नालायक असल्याचं कळलं, आणि पास झालेल्यांना जागाच नसल्याचं कळलं. विद्यालयांची शेडं रिकामी झाली. त्यातल्या एका शेडात आता सोयाबीनचं गोदाम आहे. फळ्यावर 'बालमानसशास्त्र' लिहिलेलं अजून दिसतं, त्याखाली पोत्यांचा हिशेब आहे. पाटीवरच्या आमच्या दुकानदाराचं डी.एड. त्याच लाटेतलं. तो म्हणतो, वाया गेलं नाही, गिऱ्हाईकाला फॉर्म समजावून सांगायला उपयोगी पडतं.

दुसरी लाट लातूरची. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी राजर्षी शाहू महाविद्यालयात जी अभ्यासाची घडी बसवली, तिचा 'लातूर पॅटर्न' झाला आणि पॅटर्नचा बाजार झाला. आता पोरगं दहावीत ऐंशीच्या वर गेलं की बाप त्याला लातूरला घेऊन जातो आणि नीटच्या शिकवणीत बसवतो. मागोमाग आई जाते, डबा करायला. मग पोराचा दादा जातो, रात्री सोबत. शेवटी बाप एकटा रानात आणि घर अख्खं लातुरात एका खोलीत. पोरगं डॉक्टर झालं तर उत्तम. नाही झालं तरी तोवर आईनं त्याच्या चार मित्रांचा डबा सुरू केलेला असतो, दोन वर्षांत चाळीस डबे होतात, आणि नीट नापास पोराला मेसच्या गल्ल्यावर बसवतात. घरातलं कुणीतरी लातूरला लागलं, हा उद्देश साध्य झाला.

तिसरी लाट पाण्याची, म्हणजे पाणी नसल्याची. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. देशभर बातम्या झाल्या. त्या उन्हाळ्यात ज्यांनी जुना टँकर घेतला त्यांची करिअरं झाली. त्याच वर्षी पाऊस झाला आणि टँकर विकायला निघाले. टँकरवाल्याइतकं प्रामाणिकपणे आभाळाकडं बघणारा माणूस मी पाहिला नाही. शेतकरी ढग दिसला की खूश, हा ढग दिसला की गप्प. ह्याची स्वतःची तीन एकर शेतीही होती, त्यामुळं त्याला एकाच ढगावर दोन चेहरे करावे लागत.

२०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव लातूरच्या बाजारात क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला. नवी रास निघायच्या आतच तेव्हाच्या पोरांनी बुलेटची चौकशी सुरू केली. भाव नंतर इतका खाली आला की २०२४ ला हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर असताना बाजारात त्यालाही गिऱ्हाईक मिळेना. बुलेटचे हप्ते मात्र हमीचे होते. ज्यांच्याकडं हप्ते आले त्यांनी आणखी एक काम धरलं: कुणी पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो, कुणी बुलेटवरूनच पार्सल पोचवतो. हप्त्यासाठी गाडी चालवायची आणि गाडीसाठी हप्ता भरायचा.

पहाटे पाचला औसा-उमरगा रस्त्यावर आलात तर अंधारात पायांचा आवाज येतो. भरतीची पोरं. सोळाशे मीटर, वेळ लावून, कडेला एक मित्र मोबाईलचं स्टॉपवॉच धरून. गोळाफेक मंदिरामागं. पोरीही असतात, त्यांचं आठशे मीटर, त्या वेगळ्या बाजूला पळतात आणि त्यांच्या ओढण्या कडेला बाभळीवर ठेवलेल्या असतात. ट्रकवाले यांना बघून हॉर्न न वाजवता बाजू देतात, ही एवढीच सवलत सगळ्यांना विनाप्रमाणपत्र मिळते. सहाला पळून झालं की एक दुधाचं कॅन घेऊन जातो, एक शेतावर, एक पाटीवर बोर्डवाल्याच्या दुकानात फॉर्म भरायला. फॉर्मचे पैसे बोर्डवाला उधारीवर लिहितो. लागला की देतो, नाही लागला तर पुढच्या फॉर्मबरोबर देतो. ही उधारी बघून वाटतं, सरकारच्या भरती मंडळापेक्षा याच माणसाचा पोरांवर जास्त विश्वास आहे.

ज्यांची उंची बसत नाही ती आयटीआयला जातात. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना आला, २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला, आणि आता तिथं रशियन कंपनीच्या भागीदारीत वंदे भारतच्या झोपायच्या गाड्या व्हायच्यात. आमच्या गल्लीतल्या एका फिटरनं त्यासाठी मोबाईलवर रशियन शिकायला सुरुवात केली. चार-पाच शब्द येतात, ते तो म्हशीवर घासतो. म्हैस ऐकते. नोकरीचं अजून काही कळलेलं नाही.

माझ्या चुलत भावाच्या पोराचं स्थळ बघायला मागल्या तुळशीच्या लग्नानंतर पाहुणे आले होते. मुलगी लातूरला एका दवाखान्यात नर्स, स्वतः कमावती, बरोबर मामा आणि दोन काका. मध्यस्थानं आमच्या पोराची ओळख करून दिली. मध्यस्थ चांगला बोलतो, तो मूळचा एलआयसीवाला.

"शेती पाच एकर, बोअर हाय. मुलगा ग्रॅज्युएट. एमपीएससी दोनदा पूर्व पास. पुण्याला सदाशिव पेठंत तीन वर्षं अभ्यासिकंत. सध्या प्लॉटिंगमधी, अन् एका डीजेत भागीदारी. पिकांच्या औषधांची एजन्सी घ्यायची बोलणी चालू हाय. अन् यूट्यूबला चॅनल हाय, शेतीचं."

"किती बघत्यात?" मुलीच्या धाकट्या काकानं विचारलं.

"वाढायलेत."

मुलीचा मामा बराच वेळ गप्प होता. त्यानं बशीतला चहा फुंकला आणि म्हणाला, "ते सगळं ठीक हाय पाहुणे. पक्कं काय?"

बैठकीत शांतता झाली. आमच्याकडं हा प्रश्न निघाला की सगळे पंख्याकडं बघतात. मध्यस्थानं एमपीएससीचा पुढचा निकाल सांगून बघितला, माझ्या भावानं सातबारा आणायला माणूस पाठवला. पोरानं यूट्यूबचे आकडे काढायला मोबाईल खिशातून काढला आणि रेंज नसल्यानं परत ठेवला.

मग मुलगीच बोलली. दवाखान्यात रोज नातेवाइकांशी बोलायची सवय असल्यानं तिचा आवाज सरळ होता. "मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "महिन्याचा किराणा कशातून येतो?"

उत्तर द्यायला कुणी तयार नव्हतं. तेवढ्यात माजघराच्या दारातून वहिनींनी, हातातली परात तशीच धरून, सांगून टाकलं.

"म्हशीवर. तीन हायत. दोन दुभत्या, एक गाभण. डेअरीचं पासबुक माझ्या नावावर हाय, बघायचं तर दाखवते."

मुलगी उठली. काकांना वाटलं निघाली, ते पायात चपला शोधू लागले. ती मात्र माजघरात गेली आणि वहिनींच्या मागोमाग गोठ्याकडं. अर्ध्या तासानं दोघी परत आल्या तेव्हा तिच्या हातात पासबुक होतं आणि मामा तिसऱ्यांदा चहा पीत होते. "मामा," ती म्हणाली, "पोरगं बरं हाय. पण लग्नानंतर चौथी म्हैस घ्यायची, अन् डीजेतली भागीदारी आधी मोडायची."

मध्यस्थानं तिथंच दोघींच्या नावानं पॉलिसीचा विषय काढला.